घारापुरी : बंदरातील एक बेट

(मुंबईच्या बंदरात घारापुरी नावाचे एक लहान बेट आहे. तेथील लेणी जगप्रसिद्ध आहेत. या बेटाची रचना कशी आहे, तेथे कोणकोणत्या सत्ता येऊन गेल्या, तेथील लोक कसे राहतात आणि त्या बेटाचे आपल्या जिल्ह्याशी काय नाते आहे, याची माहिती प्रस्तुत पाठात दिली आहे.)



आपल्या बीड जिल्ह्याला समुद्रकिनारा नाही. बीड शहराजवळ पडलेल्या पावसाचे पाणी बिंदुसरा नदीतून सिंदफणेला मिळते, सिंदफणेतून गोदावरीत जाते आणि शेवटी दूर पूर्वेला बंगालच्या उपसागरात पोहोचते. तुमच्यापैकी पुष्कळांनी समुद्र फक्त नकाशातच पाहिला असेल. मग समुद्रातल्या एका बेटाचा पाठ आपण का वाचायचा? हा प्रश्न मनात ठेवा. पाठ संपेपर्यंत त्याचे उत्तर तुम्हांलाच सापडेल.

प्रथम 'बेट' हा शब्द पाहू. चारही बाजूंनी पाण्याने वेढलेल्या जमिनीला बेट म्हणतात. उर्दूत तुम्ही त्याला 'जज़ीरा' म्हणता. हाच शब्द मराठीत 'जंजिरा' होऊन आला आणि समुद्रातील किल्ल्यासाठी वापरला जाऊ लागला. मुरूडजवळचा जंजिरा तुम्हांला इतिहासाच्या पुस्तकात भेटला असेलच.

आता दुसरा शब्द घेऊ. घारापुरी बेटावर तीन लहान गावे आहेत. त्यांची नावे राजबंदर, शेतबंदर आणि मोरबंदर अशी आहेत. ही नावे ऐकून तुम्हांला हसू येईल, कारण उर्दूत झाडावर उड्या मारणाऱ्या प्राण्यालाही 'बंदर' म्हणतात. मराठीत त्याला माकड म्हणतात. मराठीतील 'बंदर' म्हणजे जेथे जहाजे आणि होड्या थांबतात ती जागा; उर्दूतील 'बंदरगाह'. हा शब्द फारसीतून दोन्ही भाषांत आला आहे. गंमत अशी, की घारापुरीवर बंदरही आहे आणि माकडेही पुष्कळ आहेत. प्रवाशांच्या हातातली खाऊची पिशवी ती केव्हा पळवतील, याचा नेम नसतो!

चला, आता आपण मनानेच या बेटावर जाऊ. बीडहून मुंबई सुमारे चारशे किलोमीटर दूर आहे. मुंबईला समुद्राच्या काठी गेटवे ऑफ इंडिया नावाची भव्य कमान आहे. तिच्याजवळच्या धक्क्यावर घारापुरीला जाणाऱ्या मोठ्या बोटी उभ्या असतात. येथेही एका शब्दाकडे लक्ष द्या. 'धक्का' म्हणजे ढकलणे, हा अर्थ तुम्हांला माहीत आहे. पण बोटीत चढण्या-उतरण्यासाठी पाण्याच्या कडेला जो दगडी किंवा काँक्रीटचा ओटा बांधतात, त्यालाही मराठीत धक्का म्हणतात. बोट सुटली, की मुंबईच्या उंच इमारती हळूहळू लहान होत जातात. वाटेत मालवाहू जहाजे दिसतात. नौदलाच्या करड्या युद्धनौका दिसतात. सुमारे एक तासाने समोर हिरवेगार डोंगर येतात. तेच घारापुरी बेट. गेटवेपासून ते सुमारे दहा किलोमीटर अंतरावर आहे. मुंबई जवळ असली, तरी हे बेट रायगड जिल्ह्यातील उरण तालुक्यात येते.

मुंबईचे बंदर इतके चांगले का, हे घारापुरीच्या वाटेवर समजते. पश्चिमेला अरबी समुद्र आहे. पावसाळ्यात त्याच्या लाटा फार मोठ्या असतात. परंतु मुंबईची लांबट भूमी एखाद्या भिंतीसारखी मध्ये उभी आहे. पूर्वेला उरण आणि पनवेलची मुख्य भूमी आहे. या दोहोंच्या मधले पाणी बरेच शांत राहते. म्हणून येथे जहाजांना आसरा मिळतो. या शांत पाण्याच्या मध्येच घारापुरी आहे. जवळच जवाहर द्वीप नावाचे दुसरे छोटे बेट असून तेथे खनिज तेलाची जहाजे रिकामी केली जातात. समोरच्या किनाऱ्यावर १९८९ साली सुरू झालेले जवाहरलाल नेहरू बंदर आहे. उत्तरेकडे २०२४ साली खुला झालेला अटल सेतू समुद्रावरून गेलेला दिसतो. अशा गजबजलेल्या पाण्यात हे जुने बेट शांतपणे उभे आहे.

बेटाचा आकार मोठा मजेदार आहे. त्यावर दोन डोंगर असून दोहोंच्या मध्ये एक अरुंद दरी आहे. दुरून पाहिले, तर दोन वशिंडांचा उंट पाण्यात बसला आहे, असे वाटते. हे डोंगर सुमारे दीडशे मीटर उंच आहेत. बेटाची लांबी अडीच किलोमीटरच्या आसपास आहे. समुद्राचे पाणी दिवसातून दोनदा चढते आणि दोनदा उतरते. पाणी चढते तेव्हा त्याला भरती म्हणतात आणि उतरते तेव्हा ओहोटी म्हणतात. ओहोटीच्या वेळी किनाऱ्यावरचा चिखल उघडा पडतो आणि बेट मोठे झाल्यासारखे दिसते. या चिखलात खारफुटीची झाडे वाढतात. ही झाडे खाऱ्या पाण्यातही जगतात. त्यांची मुळे माती धरून ठेवतात. मासे आणि खेकडे त्यांच्या आश्रयाला राहतात. डोंगरावर मात्र आंबा, चिंच, जांभूळ आणि ताड अशी आपल्या ओळखीची झाडे आहेत.

या बेटाचा दगड तर तुमच्या अगदी ओळखीचा आहे. सुमारे सहा कोटी साठ लाख वर्षांपूर्वी दख्खनच्या भूमीला मोठमोठ्या भेगा पडल्या. त्यांतून तप्त लाव्हारस बाहेर आला, दूरवर पसरला आणि थंड होऊन घट्ट झाला. असे पुन्हा पुन्हा घडले. थरावर थर साचले. त्यांपासून जो काळा, कठीण दगड बनला, त्याला बेसॉल्ट म्हणतात. आपल्या बालाघाटच्या डोंगररांगा याच दगडाच्या आहेत. तुमच्या गावातील जुन्या विहिरीचा काठ आणि जुन्या वाड्याचे जोते याच दगडाचे असेल. बीड आणि घारापुरी यांच्यात चारशे किलोमीटरचे अंतर असले, तरी दोन्हींच्या पायाखाली एकच कातळ आहे.

या काळ्या कातळातच माणसाच्या हातांनी एक आश्चर्य घडवले आहे. धक्क्यापासून थोडे चालत गेले आणि सुमारे सव्वाशे पायऱ्या चढल्या, की पश्चिमेच्या डोंगरावरील मोठे लेणे लागते. लेणे म्हणजे डोंगर कोरून तयार केलेले दालन. आपण घर बांधतो तेव्हा दगडावर दगड ठेवतो. एखादा दगड चुकला, तर तो काढून दुसरा बसवता येतो. लेण्याचे काम याच्या उलट असते. पाथरवट हातोडा आणि छिन्नी घेऊन नको असलेला दगड काढून टाकतो. खांब आणून उभे करायचे नसतात. खांबाएवढा दगड तसाच ठेवून भोवतालचा दगड फोडायचा असतो. मूर्तीचे नाक एकदा तुटले, की ते पुन्हा जोडता येत नाही. म्हणून पहिला घाव घालण्याआधीच सगळे लेणे कारागिराच्या डोळ्यांपुढे उभे असावे लागते.

घारापुरीचे मोठे लेणे पुढून मागपर्यंत सुमारे ३९ मीटर लांब आहे. तीन बाजूंनी आत उजेड येतो. जाड खांबांच्या रांगांतून पुढे गेले, की दक्षिणेच्या भिंतीवर तीन मुखांची एक प्रचंड मूर्ती दिसते. ही शिवाची मूर्ती आहे. तिची उंची सुमारे वीस फूट आहे. मधला चेहरा अतिशय शांत आहे. त्याचे डोळे मिटलेले आहेत. एका बाजूचा चेहरा उग्र आहे, तर दुसऱ्या बाजूचा चेहरा कोमल आहे. एकाच दगडातून शांती, क्रोध आणि कोमलता असे तीन भाव कारागिराने दाखवले आहेत. भिंतींवर शिव-पार्वतीचा विवाह, नृत्य करणारा शिव, कैलास पर्वत हलवणारा रावण अशी इतरही शिल्पे आहेत. जगभरातून निरनिराळ्या धर्मांचे आणि भाषांचे लोक ही शिल्पे पाहण्यासाठी येतात आणि थक्क होऊन उभे राहतात.

बहुतेक अभ्यासकांच्या मते हे लेणे सहाव्या शतकात कोरले गेले. म्हणजे त्याला सुमारे चौदाशे वर्षे झाली. ते कोणी कोरवून घेतले? बेटावर कलचुरी घराण्यातील कृष्णराज राजाची तांब्याची नाणी सापडली आहेत. त्यावरून काही अभ्यासक कलचुरी राजांचे नाव घेतात. काही जण कोकणच्या मौर्य राजांचे नाव घेतात. पण खात्रीने कोणीच सांगू शकत नाही. इतके मोठे काम ज्यांनी केले, त्यांचे नाव हरवले कसे? याची हकिकत ऐकण्यासारखी आहे. ती सांगण्यापूर्वी या बेटाचा थोडा इतिहास पाहू.

घारापुरीचा इतिहास लेण्यापेक्षाही जुना आहे. पूर्वेच्या डोंगरावर विटांचा एक बौद्ध स्तूप आहे. तो दोन हजार वर्षांपूर्वीचा मानला जातो. मोरबंदरच्या किनाऱ्यावर जुन्या विटा, नाणी आणि भूमध्य समुद्राकडून आलेल्या उंच, दोन मुठींच्या मातीच्या कुंभांचे तुकडे सापडले आहेत. अशा कुंभांतून त्या काळी मद्य आणि तेल येत असे. त्या वेळी आपल्या भागातील मालही परदेशी जात होता. शेजारच्या धाराशिव जिल्ह्यातील तेर म्हणजे पूर्वीचे तगर आणि गोदावरीकाठचे पैठण ही तेव्हाची मोठी व्यापारी गावे होती. पहिल्या शतकातील एका ग्रीक पुस्तकात या दोन्ही गावांचा उल्लेख आहे. तेथील कापड आणि इतर माल गाड्यांतून भडोच बंदराकडे जात असे, असे त्यात लिहिले आहे. म्हणजे आपला मुलूख समुद्रापासून दूर असला, तरी समुद्राशी त्याचा संबंध जुना आहे.

पुढे या भागावर अनेक सत्ता आल्या. ऐहोळे येथे इसवी सन ६३४ चा एक शिलालेख आहे. चालुक्य राजा दुसरा पुलकेशी याने शेकडो नौका घेऊन 'पुरी' नावाचे नगर जिंकले, असे त्यात कोरले आहे. काही इतिहासकारांच्या मते ही पुरी म्हणजेच घारापुरी होय. नंतरच्या काळात उत्तर कोकणावर राष्ट्रकूट, शिलाहार आणि यादव यांनी राज्य केले. त्यानंतर हे बेट गुजरातच्या सुलतानांकडे होते. १५३४ साली सुलतान बहादूरशहा याने वसई आणि मुंबई बेटांचा मुलूख पोर्तुगिजांना दिला. तेव्हा घारापुरीही त्यांच्या ताब्यात गेली. पुढे मराठे आणि इंग्रज यांच्यात या भागासाठी युद्ध झाले. १७८२ च्या सालबाईच्या तहाने साष्टीबरोबर हे बेटही इंग्रजांकडे कायम राहिले. बंदराच्या रक्षणासाठी इंग्रजांच्या काळात पश्चिमेच्या डोंगरावर दोन मोठ्या तोफा बसवण्यात आल्या. त्या आजही तेथे आहेत.

आता हरवलेल्या नावाची हकिकत ऐका. पोर्तुगीज या बेटावर आले, तेव्हा लेण्याच्या दाराशी अक्षरे कोरलेली एक शिळा होती. दिओगो दो कौतो नावाच्या पोर्तुगीज इतिहासलेखकाने तिची माहिती लिहून ठेवली आहे. ती शिळा तेथून काढली आणि पोर्तुगालच्या राजाकडे पाठवून दिली. राजाने ती वाचून घेण्याचा प्रयत्न केला. पण तेथे ती लिपी कोणालाच येत नव्हती. नंतर त्या शिळेचा पत्ताच लागला नाही. आज आपल्याकडे प्राचीन लिपी वाचणारे विद्वान आहेत. ती शिळा जागेवर असती, तर त्यांनी ती वाचली असती. लेणे कोणी कोरले, केव्हा कोरले आणि कशासाठी कोरले, हे कदाचित एका दिवसात कळले असते. एक दगड हलला आणि शेकडो कारागिरांच्या मेहनतीचा पत्ता पुसला गेला.

असेच आणखी एका दगडाचे झाले. राजबंदरजवळ काळ्या दगडात कोरलेला एक मोठा हत्ती होता. त्याला पाहून पोर्तुगिजांनी या बेटाला 'एलेफंटा' म्हणजे हत्तीचे बेट असे नाव दिले. परदेशी पाहुणे आजही तेच नाव घेतात. १८१४ च्या सुमारास या हत्तीचे डोके आणि मान गळून पडली. १८६४ साली हा हत्ती इंग्लंडला नेण्याचे ठरले. त्याला उचलताना यारी मोडली. हत्ती खाली कोसळला आणि त्याचे तुकडे तुकडे झाले. ते तुकडे मुंबईच्या राणीच्या बागेत आणून ठेवले. १९१४ साली ते पुन्हा जोडण्यात आले. आज तो हत्ती भायखळ्याच्या डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालयाजवळ उभा आहे. ज्याच्यामुळे बेटाला नाव मिळाले, तोच आज बेटावर नाही!

लेण्यातील शिल्पांचीही फार मोडतोड झालेली आहे. पोर्तुगीज सैनिकांनी तेथे बंदुका चालवल्या, असे म्हणतात. पण सारा दोष त्यांच्यावर टाकता येणार नाही. पावसाचे झिरपणारे पाणी, समुद्रावरचा खारा वारा आणि शेकडो वर्षांची बेपर्वाई यांनीही नुकसान केले. १८७५ साली तर इंग्लंडच्या युवराजासाठी याच लेण्यात मेजवानी देण्यात आली होती! सुदैवाने पुढे दृष्टी बदलली. १९०९ साली ही लेणी संरक्षित स्मारक ठरली. पुरातत्त्व खात्याने तुटलेले खांब दुरुस्त केले. १९८७ साली युनेस्कोने घारापुरीच्या लेण्यांचा समावेश जागतिक वारशाच्या यादीत केला. म्हणजे आता ही लेणी साऱ्या जगाची ठेव मानली जातात.

परंतु बेट म्हणजे केवळ लेणी नव्हेत. तेथे माणसेही राहतात. तिन्ही गावे मिळून सुमारे बाराशे लोकांची वस्ती आहे. कोणी मासेमारी करतात. कोणी पायऱ्यांच्या कडेला दुकान मांडतात. कोणी प्रवाशांना वाट दाखवतात, तर कोणी जेवणाची सोय करतात. संध्याकाळी शेवटची बोट गेली, की प्रवासी संपतात आणि बेट पुन्हा गावकऱ्यांचे होते.

या गावकऱ्यांचे जीवन सोपे नाही. रात्री त्यांच्या अंगणातून मुंबईचे लाखो दिवे चमकताना दिसत. पण त्यांच्या स्वतःच्या घरात मात्र जनरेटरवर संध्याकाळी दोन-तीन तासच दिवा लागत असे. मुलांनी अभ्यास कंदिलाच्या उजेडात करायचा. स्वातंत्र्याला सत्तर वर्षे उलटून गेली, तरी अशीच स्थिती होती. शेवटी मुख्य भूमीपासून समुद्राच्या तळावरून सुमारे साडेसात किलोमीटर लांबीची वीजवाहिनी टाकण्यात आली आणि फेब्रुवारी २०१८ मध्ये तिन्ही गावांत वीज पोहोचली. ज्या बेटावर जगाचा वारसा आहे, तेथील मुलांना एका दिव्यासाठी इतकी वाट पाहावी लागली, ही गोष्ट विचार करायला लावणारी आहे.

पाण्याचीही तीच गोष्ट. बेटाच्या चारही बाजूंना पाणीच पाणी आहे. पण त्यातला एक घोटही पिता येत नाही. पावसाळ्यात येथे आपल्यापेक्षा तिप्पट पाऊस पडतो. परंतु उतार तीव्र असल्यामुळे ते पाणी पाहता पाहता समुद्रात वाहून जाते. म्हणून प्राचीन काळी लेणी कोरणाऱ्यांनी लेण्यांजवळ कातळात पाण्याची टाकी कोरली. हल्लीच्या काळात बेटावर एक छोटे धरणही बांधलेले आहे. पाण्याचे मोल बीडच्या मुलांना वेगळे सांगायला नको. १९७२ च्या दुष्काळाच्या आठवणी तुमच्या दादा-दादींकडून तुम्ही ऐकल्या असतील. आपल्याकडेही निजामशाहीच्या काळात, सोळाव्या शतकात, बीडजवळ खजाना बावडी बांधली गेली आणि तिचे पाणी भुयारी पाटांतून शेतांना दिले गेले. घारापुरीचे टाके काय आणि बीडची बावडी काय, दोन्ही एकच गोष्ट शिकवतात : पाणी आले म्हणजे मिळाले असे नाही, जपले तरच ते आपले.

बेटावर दवाखान्याची मोठी अडचण आली किंवा पुढचे शिक्षण घ्यायचे असले, तर बोटीशिवाय मार्ग नाही. समुद्राचा प्रवास सुखाचा असला, तरी त्यात धोकाही असतो. १८ डिसेंबर २०२४ रोजी घारापुरीला निघालेल्या एका प्रवासी बोटीला नौदलाच्या एका वेगवान बोटीची धडक बसली आणि त्यात अनेकांचे प्राण गेले. तुम्ही कधी बोटीत बसलात, तर प्राणरक्षक जाकीट अवश्य घाला. धोका दिसू लागल्यावर ते शोधायला वेळ नसतो.

मित्रांनो, आता सुरुवातीचा प्रश्न आठवा. बीडच्या मुलांनी घारापुरीचा पाठ का वाचायचा? उत्तर अंबाजोगाईत आहे. आपल्या जिल्ह्यातील या गावी जयंती नदीजवळ त्याच काळ्या दगडात कोरलेले एक लेणे आहे. त्याला शिवलेणी म्हणतात. पण लोकांच्या तोंडी त्याचे नाव 'हत्तीखाना' असे आहे, कारण त्याच्या अंगणात दगडात कोरलेले हत्ती आहेत. घारापुरीचा हत्ती बेट सोडून गेला. आपले हत्ती अजून आपल्या जागेवर उभे आहेत. ते पाहण्यासाठी बोटीची गरज नाही. एस. टी.ने जाऊन संध्याकाळपर्यंत परत येता येते.

जुन्या वास्तूंचे नुकसान नेहमी तोफांनीच होते असे नाही. कोणी खिळ्याने भिंतीवर आपले नाव कोरतो. कोणी पडलेला कोरीव दगड उचलून घराच्या पायरीला लावतो. कोणी अक्षरे असलेल्या शिळेवर चुना फासतो. त्याला वाटते, एका दगडाने काय होते? एका दगडाने काय होते, हे घारापुरीने आपल्याला दाखवले आहे. आपल्या गावातील मशीद, दर्गा, मंदिर, किल्ला, वेस किंवा बावडी यांवर फारसी, अरबी, मोडी किंवा देवनागरी अक्षरांचा एखादा दगड असेल. तुम्ही तर उर्दू जाणता. फारसी-अरबी लेखांतील कितीतरी शब्द तुम्हांला ओळखता येतील. असा दगड दिसला, तर त्याला हलवू नका. त्याची नोंद करा आणि आपल्या शिक्षकांना सांगा. न जाणो, कोणा विसरलेल्या कारागिराचे नाव त्यावर अजून वाचले जाण्याची वाट पाहत असेल.

शब्दार्थ

बेट – चारही बाजूंनी पाण्याने वेढलेली जमीन, जज़ीरा
धक्का – बोटीत चढण्या-उतरण्याचा बांधलेला ओटा
वशिंड – उंटाच्या किंवा बैलाच्या पाठीवरचा उंचवटा
भरती – समुद्राचे पाणी चढणे, मद्द
ओहोटी – समुद्राचे पाणी उतरणे, जज़्र
कातळ – मोठा अखंड खडक, चट्टान
जोते – घराचा दगडी पाया, चौथरा
लेणे – डोंगर कोरून केलेले दालन (अनेकवचन : लेणी)
पाथरवट – दगड घडवणारा कारागीर, संगतराश
शिळा – मोठा सपाट दगड
शिलालेख – दगडावर कोरलेला मजकूर, कत्बा
यारी – जड वस्तू उचलण्याचे यंत्र
वारसा – पूर्वजांकडून मिळालेली ठेव, विरासत
वेस – गावाचे मोठे प्रवेशद्वार

स्वाध्याय

प्र. १. एका वाक्यात उत्तरे लिहा.
(अ) घारापुरी बेट कोणत्या तालुक्यात आहे?
(आ) घारापुरीवरील तीन गावांची नावे कोणती?
(इ) बेटाला 'एलेफंटा' हे नाव कोणी दिले?
(ई) युनेस्कोने ही लेणी जागतिक वारशाच्या यादीत केव्हा घेतली?
(उ) अंबाजोगाईच्या लेण्याला लोक काय म्हणतात?

प्र. २. दोन-तीन वाक्यांत उत्तरे लिहा.
(अ) मुंबईच्या बंदरातील पाणी शांत का राहते?
(आ) बांधलेले घर आणि कोरलेले लेणे यांत कोणता फरक आहे?
(इ) घारापुरीवर भरपूर पाऊस पडूनही पाण्याची अडचण का असते?

प्र. ३. सात-आठ वाक्यांत उत्तरे लिहा.
(अ) शिलालेखाची हकिकत तुमच्या शब्दांत सांगा.
(आ) घारापुरी आणि बीड जिल्हा यांच्यातील साम्य लिहा.

प्र. ४. कंसातील योग्य शब्द निवडून रिकाम्या जागा भरा.
(खारफुटी, बेसॉल्ट, ओहोटी, स्तूप)
(अ) समुद्राचे पाणी उतरते त्याला ______ म्हणतात.
(आ) पूर्वेच्या डोंगरावर विटांचा बौद्ध ______ आहे.
(इ) ______ची झाडे खाऱ्या पाण्यातही जगतात.
(ई) बालाघाटच्या डोंगररांगा ______ दगडाच्या आहेत.

प्र. ५. जोड्या लावा.
(अ) १५३४ – (१) हत्तीचे तुकडे झाले
(आ) १७८२ – (२) बेट पोर्तुगिजांकडे गेले
(इ) १८६४ – (३) गावांत वीज पोहोचली
(ई) २०१८ – (४) सालबाईचा तह

प्र. ६. अनेकवचन लिहा.
बेट, होडी, तोफ, शिल्प, पायरी, विहीर

प्र. ७. पुढील प्रत्येक शब्दाचे दोन वेगळे अर्थ दाखवणारी वाक्ये तयार करा.
धक्का, बोट, पाट

प्र. ८. कंसातील सूचनेप्रमाणे वाक्ये बदला.
(अ) ते शिल्पे पाहतात. (भूतकाळ करा.)
(आ) लेणे कोणी कोरले, हे कोणीच सांगू शकत नाही. ('सर्वजण' हा शब्द वापरा.)
(इ) बेटावर वीज पोहोचली. (भविष्यकाळ करा.)

उपक्रम
आपल्या गावातील किंवा जवळच्या एखाद्या जुन्या वास्तूला शिक्षकांबरोबर भेट द्या. ती कोणत्या दगडाची आहे, तिच्यावर कोठे अक्षरे आहेत का आणि आज तिची स्थिती कशी आहे, हे पाहा. दहा ओळींत मराठीत माहिती लिहा आणि वर्गात वाचून दाखवा.